पूर्वेकडची गुंडाळी

केबल मीटरवर विकतात. बडोद्यात गोरव्याच्या आमच्या कारखान्यात मी हेच शिकले आणि पुढे दुसऱ्यांना हेच शिकवलं. त्यामुळे एके दिवशी कडक इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले एक सडपातळ गृहस्थ ऑफिसात आले आणि पावशेर मिरच्या मागाव्यात इतक्या सहजपणे म्हणाले, "पंचाहत्तर नॅनोसेकंदांची केबल हवी आहे, चार नग," तेव्हा आमचे मालक नवीनभाई शेठ चहाचा कप ओठाशी धरून तसेच थांबले. गृहस्थ पाणी प्यायला बाहेर गेले तसे शेठ माझ्या कानाशी लागले. "सुलभाबेन, आ भाई शुं मांगे छे? केबल मीटरथी मपाय के घडियाळथी?"

केबल मीटरने मोजायची की घड्याळाने, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण वायरिंग सुपरवायझर म्हणून माझ्या टेबलावर पाटी होती, तेव्हा मी मान डोलावली.

माझं माहेर जुन्या शहरात, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतलं. आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात, वडील शाळामास्तर, काका कचेरीत. अशा घरातली मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून विजेच्या पॅनलच्या कारखान्यात कामाला लागली, तर आईने शेजारणींना सांगताना "सुलभा कंपनीत आहे" एवढंच सांगायचं ठरवलं. काय करते ते गुलदस्त्यातच ठेवलं. आता हरणी भागातल्या सोसायटीत निवृत्त होऊन बसले आहे, आणि सोसायटीतल्या बायकाही विचारतात की तुम्ही नेमकं काय करत होतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते. सगळी नोकरी सांगत बसत नाही. आयुष्यात मला जे धक्के बसले त्यातले मोठे या एकाच कामात बसले, तेवढं सांगते.

ते गृहस्थ म्हणजे पटवर्धन सर, गावातल्या एका संस्थेत भौतिकशास्त्र शिकवणारे. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, आणि ते ऐकून मी पहिल्यांदा चकित झाले. आकाशातून सारखा अतिसूक्ष्म कणांचा वर्षाव होत असतो. आपण हात पुढे केला तर तळव्यातून दर सेकंदाला एखादा कण आरपार जातो. मी तिथल्या तिथे हात मागे घेतला. सर हसले. "घाबरू नका सुलभाताई, जन्मल्यापासून जातायत."

हे कण मोजायचे कसे? खास प्लॅस्टिकचे जाड पाट असतात, काळ्या कागदात गुंडाळलेले. त्यातून कण गेला की आत अगदी पुसट प्रकाश चमकतो. पाटाला जोडलेली एक नळी त्या प्रकाशाचा विजेचा निरोप करते, आणि तो निरोप केबलमधून मोजणीच्या पेटीकडे धावतो. पण नळी कधीकधी उगाचच निरोप पाठवते, काही नसताना. म्हणून एकाखाली एक असे दोन पाट ठेवतात. दोघांचे निरोप एकदमच आले, तरच पेटी समजते की खराखुरा कण आरपार गेला, आणि आकडा एकाने पुढे सरकवते. शंभर कण गेले तर त्यातले किती पेटीला कळले, यावर त्या यंत्राची लायकी, म्हणजे सरांच्या भाषेत कार्यक्षमता, ठरते.

आता आमचा संबंध येतो. निरोपाला केबलमधून जायला वेळ लागतो, मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद. एका पाटाची केबल आखूड आणि दुसऱ्याची लांब झाली, तर एक निरोप आधी पोचतो, दुसरा मागून रखडत येतो, आणि पेटी म्हणते, हे दोघे एकमेकांचे कुणी नव्हेत. कण गेलेला असतो, पण मोजला जात नाही. म्हणून चारही केबली सारख्याच हव्यात, बरोबर पंधरा मीटरच्या. पाट पेटीच्या उशाशी असला तरी पंधरा, खोलीच्या टोकाला असला तरी पंधरा. उरलेली केबल गुंडाळी करून टांगून ठेवायची.

काम नाजूक होतं. केबलीच्या मधोमध एक तार, तिच्याभोवती जाळी, आणि टोकाला कनेक्टर. जाळीचा केसाएवढा धागा जरी मधल्या तारेला शिवला तरी निरोप वाटेतच मरतो. एक केबल आम्ही मीटर लावून तपासून दिली होती, आणि लॅबमध्ये ती हलवली की बंद पडायची, सोडली की चालायची. मला वाटलं, केबलीतही मनुष्यस्वभाव असतो की काय! शेवटी भिंगातून पाहिलं तेव्हा तो धागा दिसला. तेव्हापासून कनेक्टर बसवायचं काम मी फक्त कांतिभाईंना द्यायला लागले.

कांतिभाई आमचे सगळ्यांत जुने वायरमन. त्यांनी वायरिंग केलेलं पॅनल उघडलं की लोक आधी दोन मिनिटं नुसतं बघत राहायचे. भांगात तेल लावून चापून चोपून बसवलेल्या केसांसारख्या वायरी, काटकोनात वळलेल्या, कुठे फुगवटा नाही, कुठे झोल नाही. आमच्या धंद्यात जास्तीची वायर लोंबणं म्हणजे लुगड्याचा सोगा चिखलात लोळणं. कांतिभाईंना तर ते शारीरिक दुखायचं. सरांच्या खोलीत केबली बसवून झाल्यावर, सर्वांत जवळच्या पाटाची चार-पाच मीटर केबल उरली, ती दारासमोरच्या खिळ्यावर गुंडाळी करून टांगावी लागली. कांतिभाईंनी तोंड फिरवलं. "बेन, आ शुं? गळ्यात फास अडकवल्यासारखं दिसतं."

"असंच हवंय त्यांना," मी म्हटलं.

"मोठी माणसं. ऑर्डर देताना नेहमी वाढीव मागतात," ते म्हणाले, आणि हत्यारांची पेटी बंद केली.

त्या खोलीत काम करायची अमी. सरांची विद्यार्थिनी, पीएच.डी. करणारी, बोलताना अर्धं गुजराती अर्धं मराठी. तिचा विषय सोपा करून सांगते. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे पूर्वेपेक्षा पश्चिमेकडून हे कण थोडे जास्त येतात. हे जगाला आधीपासून माहीत होतं. बडोद्यात हा फरक किती, हे अमीला मोजायचं होतं. म्हणून पाटांची एक जोडी पूर्वेकडे कलती ठेवलेली, दुसरी पश्चिमेकडे. दारासमोर टांगलेली ती गुंडाळी पूर्वेकडच्या जोडीतल्या एका पाटाची. पश्चिमेकडच्या जोडीची कपाटामागे होती, कुणाला दिसत नव्हती.

पण मोजायला सवड कुठे होती! ते दिवस असे होते की जिकडेतिकडे कॉम्प्युटरचे वर्ग निघत होते. परदेशी माल दुकानात खुला मिळायला लागला होता आणि ज्याला त्याला घाई सुटली होती. संस्थेलाही अमीची खोली कॉम्प्युटर वर्गासाठी हवी होती. सर निवृत्तीला आलेले. काही ठळक हाती लागलं तर खोली राहील, नाहीतर सर गेले की पाट अडगळीत आणि अमीचा प्रबंध अर्धवट. हे तिने मला चहा पिताना अगदी मोकळेपणाने सांगितलं होतं. "सुलभाबेन, खोली गेली तो हूं गई."

आमच्या कारखान्याची दसऱ्याची एक रीत होती. नवीनभाईंच्या वडिलांनी पाडलेली. वर्षभरात केलेलं सगळ्यांत मानाचं काम जिथे उभं असेल, तिथे जाऊन त्याची पूजा करायची. फक्त कारखान्यातल्या हत्यारांवर भागवायचं नाही. ज्याने ते काम केलं त्या वायरमनने आदल्या दिवशी जाऊन साफसफाई करायची, दसऱ्याला फुलं, कुंकू, आणि सगळ्यांना फाफडा-जलेबी. त्या वर्षी अर्थातच सरांच्या खोलीचा मान होता. त्यातून सरांकडे बाहेरगावचे बडे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी कांतिभाई गेले. दसऱ्याला आम्ही सगळे गेलो. दारापुढे रांगोळी, पेटीला झेंडूची माळ. खोली लखलखत होती. मी जलेबी वाटण्यात गुंतले होते, पाहुण्यांची उठबस करत होते. भिंतीकडे माझं लक्षही गेलं नाही.

त्यानंतर थंडीत बातमी आली. अमी पेढे घेऊन कारखान्यात आली, चेहरा नुसता फुललेला. पूर्व-पश्चिमेतला फरक अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा निघाला होता! इतका मोठा की सरांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग पुन्हा पुन्हा मोजायला लावला, आणि दर वेळी तोच. बाहेरून विचारणा सुरू झाल्या होत्या. संस्थेने खोलीचं नाव काढणं बंद केलं होतं. प्रबंध टाइप व्हायला लागला होता. नवीनभाईंनी तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, "अमारा केबलथी शोध थयो छे!"

होळी झाली, आणि सरांनी आणखी एका जोडीची मागणी केली. माप घ्यायला मी खोलीत गेले. अमी नव्हती, शिपायाने दार उघडून दिलं. मी आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर नुसता खिळा दिसला.

गुंडाळी नव्हती.

मला वाटलं, दुसरीकडे टांगली असेल. पाटापासून केबल हाताने चाचपत पेटीपर्यंत गेले. सरळ, ताणून बसवलेली, काटकोनात वळलेली, एकेक हातावर पट्टी बांधलेली. टोकाला नवा कनेक्टर, इतका सुबक की हात कुणाचा ते सांगायलाच नको. मी तिथल्या स्टुलावर बसले. डोक्यात एकच हिशेब फिरत होता. चार-पाच मीटर, म्हणजे वीस-पंचवीस नॅनोसेकंद. पूर्वेकडच्या जोडीतला एक निरोप कधीचा आधी पोचून बसतोय. थोडे निरोप कसेबसे जुळत असतील, बाकीचे फुकट. पूर्वेकडून कण कमी येत नव्हतेच, ते मोजले जात नव्हते. सगळं बंद पडलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. अर्धंमुर्धं चालू राहिलं, म्हणून घात झाला.

कारखान्यात येऊन मी कांतिभाईंना बाजूला घेतलं. "दारासमोरची गुंडाळी कुठे गेली?"

त्यांचा चेहरा उजळला. "ए तो में कापी नाखी, बेन! दसऱ्याच्या आदल्या दिवशी. केटलुं चोख्खुं लागे छे, नहीं?"

मी सांगत गेले तसा तो उजळलेला चेहरा विझत गेला. हातातला पाना त्यांनी टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

नवीनभाईंनी मात्र ताबडतोब दार लावून घेतलं. "बेन, आपण काही पाहिलं नाही. केबल दिली तेव्हा बरोबर होती की नव्हती? मग झालं. मुलीचं चांगलं चाललंय. कशाला तोंड उघडायचं?" मी ओरडलेच त्यांच्यावर. शेठांवर ओरडायची माझी ती पहिलीच वेळ. मी म्हटलं, उद्या कुणीतरी दुसऱ्या गावी हेच मोजेल आणि ही मुलगी जगापुढे खोटी ठरेल, ते चालेल का तुम्हाला? शेठांनी लावलेलं दार उघडलं. मग म्हणाले, "चालो, हूं पण आवुं छुं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो, कांतिभाई मागे. सर होते, अमी होती. मी बोलायला लागले तर अमी हसायलाच लागली. "शक्यच नाही. ती गुंडाळी कपाटामागे टांगली असेल, पश्चिमेकडच्यासारखी. मी कार्यक्षमता तपासली आहे, सुलभाबेन. तिसरा पाट मध्ये ठेवून तपासली आहे."

"कधी?"

"नवरात्राच्या..." ती म्हणाली, आणि थांबली. "नवरात्राच्या आधी."

तेवढ्याच लांबीचा केबलचा तुकडा मी बरोबर नेला होता. तो मध्ये जोडला आणि मोजणी सुरू केली. पूर्वेकडचा आकडा, इतके महिने रेंगाळत चालणारा, भराभर पळायला लागला. आम्ही सगळे त्या लाल आकड्यांकडे बघत उभे होतो. पश्चिमेशी जवळजवळ बरोबरी. मधे उरला तो थोडासा फरक, पुस्तकातल्यासारखा. अमीचा शोध आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. मी पुष्कळ मशिनं जळताना पाहिली आहेत, पण यंत्र दुरुस्त होताना पाहून वाईट वाटायची ही पहिलीच वेळ.

अमी रडली नाही. ती कांतिभाईंकडे वळली. "कांतिकाका, तमने कोणे कह्युं हतुं कापवानुं?"

"कोईए नहीं, बेन," कांतिभाई म्हणाले. "मने सारुं ना लाग्युं, एटले काप्युं."

"माझी चार वर्षं कापलीत तुम्ही!" ती किंचाळली, आणि मग मात्र टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. कांतिभाई हात जोडून उभे. सर खिडकीशी उभे होते, चष्मा हातात, पाठ आमच्याकडे. मला वाटलं, या वयात केवढा आघात झाला बिचाऱ्यांना.

अमीने प्रबंध थांबवला, ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्यांना स्वतः चूक कळवली. खोली गेलीच. सुट्टी लागताच तिथे कॉम्प्युटरची टेबलं आली. पाट कुठे ठेवायचे म्हणून ती मला विचारायला आली, तेव्हा पुढचा धक्का नवीनभाईंनी दिला. कारखान्याच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती, रिकामी ड्रमं ठेवायची. ती त्यांनी रिकामी करून दिली. "आकाशातून येतात ना कण? मग गोरव्यात काय कमी येणार आहेत?" शेजारच्या कारखान्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा दणका बसला की आकडे भरकटायचे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आणि बंदच्या दिवशी मोजणी. अमी पुन्हा पहिल्यापासून लागली. सर निवृत्त झाले आणि रोज स्कूटरवरून गोरव्याला यायला लागले. उन्हातान्हात, कानाला रुमाल बांधून. बिनपगारी. आम्ही म्हणायचो, गुरू असावा तर असा.

त्या शेडमध्ये एकाच माणसाला मज्जाव होता. अमीने तसं स्पष्ट सांगितलं होतं आणि कुणाला ते गैर वाटलं नाही. शेठांनी कांतिभाईंना मोठ्या पॅनलवरून काढून पाण्याच्या मोटारींच्या स्टार्टरवर बसवलं. ज्यांच्या वायरिंगकडे लोक बघत राहायचे, ते दिवसभर तीन वायरींचे डबे जोडायचे. नवीन आलेले लोक जाता-येता विचारायचे, "काका, आज काही कापायचं आहे का?" ते हसायचे. गच्चीचा जिना चुकूनही चढायचे नाहीत.

अमीचा निकाल शेवटी साधाच आला. फरक होता, जेवढा असायला हवा तेवढाच. पण एक संपूर्ण प्रकरण तिने केबलवर लिहिलं, आखूड केबल कण कसे गिळते यावर. तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते. नवीनभाईंनी कारखान्याला अर्धी सुट्टी दिली आणि आम्ही सगळे मागच्या बाकांवर जाऊन बसलो. कांतिभाई अगदी कोपऱ्यात, धुतलेल्या शर्टात. सर पहिल्या रांगेत.

बाहेरून आलेले परीक्षक खडूस होते. निकालावर त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारून सोडून दिलं आणि केबलच्या प्रकरणावर बोट ठेवलं. "मोजणी चालू असताना केबलला हात लावलाच कसा गेला? प्रयोगशाळेला शिस्त नव्हती? कोणी परवानगी दिली?"

अमीचा चेहरा पडला. सगळं यावरच येऊन ठेपलं होतं. निष्काळजी म्हणून प्रबंध परत पाठवला असता तरी कुणाला काही बोलता आलं नसतं. ती म्हणाली, "सर, परवानगी कोणी दिली नव्हती. एका वायरमनने स्वतःच्या मनाने..."

"थांब, अमी."

पटवर्धन सर उभे राहिले होते. एका हाताने बाक घट्ट धरलेला.

"परवानगी मी दिली," ते म्हणाले. "पाहुणे येणार होते. मीच म्हटलं, ती गुंडाळी वाईट दिसते, कापून टाका. कांतिभाईंनी मला विचारलंसुद्धा, 'सर, चालेल ना?' मी हो म्हटलं. माझं लक्ष पाहुण्यांच्या गाडीकडे होतं. संध्याकाळी खोली पाहून मी त्यांना शाबासकीही दिली. इतकी वर्षं मुलांना हेच शिकवलं, आणि माझ्या लक्षात आलं नाही. आणि जेव्हा लक्षात आलं, तेव्हा या मुलीसमोर माझं तोंड उघडलं नाही. चूक हिची नाही. त्यांचीही नाही."

ते खाली बसले. अमी त्यांच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस ती प्रथमच बघत होती. परीक्षकांनी पान उलटलं, घसा साफ केला, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पुढे चला." प्रबंध मान्य झाला.

मी मागे वळून पाहिलं तर कोपरा रिकामा. धावत बाहेर गेले. कांतिभाई सायकलचं कुलूप काढत होते. मला राग आला होता, रडू येत होतं. मी त्यांचं हँडलच धरलं. "कांतिभाई, सगळ्यांनी तुम्हालाच दोष दिला. मीसुद्धा. एकदा तरी सांगायचं होतंत, सरांनीच सांगितलं म्हणून! का नाही बोललात?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं, मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं.

"कटर तो मारा हाथमां हतुं ने, बेन," ते म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.